नातेवाइकाचा अंगठा

त्या संध्याकाळी संपदाला राग आला आणि ऐन भरात असताना निघून गेला.

कारण तसं साधं नव्हतं. दुपारी ज्युनिअर कॉलेजच्या चौगुलेबाईंचा फोन आला होता. रसायनशास्त्राची जागा जूनमध्ये रिकामी होतेय, तुझी तब्येत आता सुधारली असं ऐकलं, येतेस का परत? फोन ठेवल्यापासून संपदाचे पाय जमिनीला लागत नव्हते. नवरा कामावरून आला तेव्हा त्याला बूट काढायचीही उसंत न देता तिनं सगळं सांगून टाकलं.

“नाही म्हणून कळव,” अभिनंदन म्हणाला.

“का?”

“का काय? मिहू चार वर्षांची आहे.”

“ती शाळेत जाते. आणि आई आहे की घरी.”

“मामी काय कायमच्या राहायला आल्यात? आणि प्रयोगशाळेत पुन्हा काही झालं म्हणजे? मागच्या खेपेला तुला उचलून आणायला मीच आलो होतो. पोरं मोबाइल काढून उभी होती.”

“म्हणजे काळजी नव्हतीच. लाज वाटली होती तुला.”

“झालं सुरू.”

“सुरू आत्ता होतंय, अभि. लहानपणापासून मी लोकांच्या पायांशी कोसळत आलेय. आता कुठं फिट थांबल्यात. आता मला उभं राहायचंय, तर तू—”

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. चांगलं धारदार होतं. पण त्याच्यामागचा जाळच गेला. उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस कुणीतरी बारीक करावा आणि दूध जागच्या जागी बसावं, तसं. वाक्य राहिलं, पण ते म्हणावंसं वाटेना. अभिनंदनचा चेहरा दमलेला दिसला. बरोबर असेल त्याचं, तिला वाटलं. किंवा चूक असेल, पण त्यात एवढं काय.

“बरं,” ती म्हणाली. “नको जाऊ मी.”

अभिनंदनला त्याचं नवल वाटलं नाही. तो हात धुवायला गेला. खिडकीजवळच्या खुर्चीत संपदाची आई, वैजयंताबाई, दिवस मावळायच्या आत जेवण उरकून, खणाच्या पिशवीत हात घालून जप करत बसली होती. तिनं डोळे उघडून लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी संपदानं चौगुलेबाईंना नकार कळवला. आवाज इतका गोड लागला होता की बाईच क्षणभर गडबडल्या. आठवड्याभरात ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

*

संपदाला पहिली फिट आली ती शाळेच्या प्रार्थनेत. तेव्हापासून सांगली-मिरजेतली सगळी डोक्याची डॉक्टरमंडळी तिनं पालथी घातली. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, एकीवर दुसरी चढवली. काहींनी झोप आली, काहींनी केस गळले, फिट मात्र येतच राहिल्या. तिच्या अपस्माराला कुठलंच औषध लागू पडत नाही, असं शेवटी डॉक्टरांनी सांगितलं. तशातच ती एम.एस्सी. झाली, शिकवायला लागली, लग्न झालं, मिहिका झाली. आणि एक दिवस बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला, हातात परीक्षानळी असताना, ती फरशीवर पडली. नोकरी तिथंच संपली.

मग मिरजेत मेंदूच्या विकारांचं नवं केंद्र निघालं आणि तिथले डॉ. नेर्लेकर पेशी-उपचाराच्या चाचणीसाठी रुग्ण शोधू लागले.

त्यामागचं विज्ञान संपदानं स्वतःच वाचून काढलं होतं. मेंदूत दोन स्वभावांच्या पेशी असतात. एक बोलक्या, दुसऱ्या त्यांना गप्प बसवणाऱ्या. वर्गात पोरं बडबडत असतात आणि बाई मधूनमधून “शूऽऽ” करत असतात, तसं हे चालतं. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूची एक वळकटी आहे. संपदाच्या मेंदूत त्या वळकटीतल्या बायाच कमी होत्या. एखादं पोर ओरडलं की सगळा वर्ग ओरडायचा, मग शेजारचे वर्ग. तीच फिट.

उपचार असा होता, की तिच्याच कातडीतल्या चिमूटभर पेशी घ्यायच्या, त्यांना प्रयोगशाळेत मागं मागं नेत गर्भातल्या पेशीसारखं कोरं करायचं आणि मग पुढं वाढवताना गप्प बसवणाऱ्या पेशींच्या वाटेला लावायचं. तयार झाल्या की केसासारख्या सुईनं त्या वळकटीत सोडायच्या. काही महिन्यांत त्या मूळ धरतात, आजूबाजूच्या पेशींशी धागे जोडतात आणि कामाला लागतात.

पण नेर्लेकरांच्या चाचणीत एक पायरी जास्त होती. या नव्या पेशींत प्रकाश ओळखणारं एक प्रथिन घातलेलं होतं. कानामागं कातडीखाली एक चकती बसवायची आणि तिच्यातून निघालेला काचेचा बारीक तंतू पेशींपर्यंत न्यायचा. मंद प्रकाश कायम चालू. फिट येतेय असं दिसलं की प्रकाश वाढवायचा, म्हणजे पेशी जोरानं कामाला लागतात आणि वादळ उठायच्या आत बसतं. आता फिट येत असलेल्या माणसाला स्वतः बटण दाबता येत नाही. म्हणून सुपारीएवढा पांढरा रिमोट नातेवाइकाकडे. तो फक्त त्या एकाच नातेवाइकाच्या अंगठ्याला दाद देणार.

हे सगळं संपदाला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते डॉक्टरांच्या खोलीत बोललं गेलं होतं.

“पेशंटनं जरा बाहेर बसावं. नातेवाईक कोण आहेत? आत या.”

आणि संपदा, जिनं पोरांना अणूची रचना शिकवली, ती आपली फाइल मांडीवर घेऊन बाहेर बसली. त्यात काही वावगं आहे हे तिच्या मनातही आलं नाही. आठव्या वर्षापासून हेच चालत आलं होतं. पूर्वी आई-वडील आत जायचे, आता नवरा गेला. बाहेर आल्यावर पूर्वी आई म्हणायची, “काही नाही.” अभिनंदनही तेच म्हणाला.

ऑपरेशन झालं. मूळ धरायला लागतात तेवढे महिने गेले. फिट थांबल्या. अभिनंदन रिमोट किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून मिरवू लागला. मदतीला म्हणून माहेराहून, नांद्र्याहून, आई येऊन राहिली. नणंद सणाला आली तेव्हा म्हणाली, “वहिनी, किती शांत झालात हो! काय घातलं तुमच्या डोक्यात? आमच्या ह्यांच्याही घाला की चमचाभर.” सगळे हसले. संपदाही हसली. तेव्हा तिला ते खरंच छान वाटलं होतं.

*

चौगुलेबाईंना नकार दिल्यावर थोड्याच दिवसांची गोष्ट. संपदा दुपारी दिवाणावर कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर गॅलरी. मिहूनं कपड्यांची बादली उपडी केली, तिच्यावर चढली आणि कठड्यावरून खाली वाकली. खालच्या मजल्याच्या छज्ज्यावर मांजरीनं पिल्लं घातली होती, ती तिला बघायची होती.

संपदा बघत होती. मिहूचं पोट कठड्यावर आलं. मग पाय बादलीवरून सुटले. संपदाच्या मनात विचार आला की हा तिसरा मजला आहे आणि डोक्याकडचं वजन जास्त आहे, म्हणजे ती पडेल. गणिताचं उत्तर यावं तसा विचार आला आणि फळ्यावर राहिला. तिनं पुढचा फ्रॉक उचलला आणि त्याच्या बाह्या जुळवल्या.

स्वयंपाकघरातून आई किंचाळत धावली. तिनं नातीला कमरेला धरून मागं ओढलं आणि छातीशी घट्ट आवळलं.

“लक्ष कुठं असतं तुझं?” ती संपदावर ओरडली. “पोर गेली असती आत्ता! आई आहेस का कोण आहेस?”

“बघत होते मी,” संपदा म्हणाली. आणि ते खरं होतं.

आई तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिली. मग मिहूला घेऊन आतल्या खोलीत गेली.

भीती आली ती भांडी घासताना. चुकलेला पाहुणा उशिरा दारात उभा राहावा तशी. संपदाच्या हातातलं पातेलं निसटलं. ती तशीच ओल्या हातांनी धावली आणि झोपलेल्या मिहूला उठवून इतकी गच्च धरली की पोर रडायला लागली.

“सोड ना आई! दुखतंय!”

संपदानं सोडलं नाही. ती जन्माची काळजीखोर. मिहू तान्ही असताना तिचा श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरून बसणारी. तिच्या चिंतेला सगळं सासर हसायचं. आणि आज तिच्या डोळ्यांदेखत पोर कठड्यावरून सटकत होती आणि ती फ्रॉकची घडी घालत होती. पेशी फिट थांबवतात, हे तिला माहीत होतं. पण ही भीती दुपारी कुठं होती? आणि आता परत कुणी पाठवली?

*

संपदा शिकवताना एक गोष्ट घोटून घ्यायची. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा.

संशय साहजिकच अभिनंदनवर होता. रिमोट त्याच्या जुडग्यात होता. म्हणून तो हातपाय धुऊन बसल्यावर, जुडगा दारामागच्या खुंटीला लटकताना नीट बघून घेऊन, तिनं मुद्दाम भांडण काढलं. विषय काढायला फार लांब जावं लागलं नाही.

“तुझ्या बहिणीला माझ्या ऑपरेशनचं सगळं सांगायची काय गरज होती?”

“अगं ती घरचीच आहे.”

“घरची म्हणून गावभर सांगणार?”

राग चढला, चांगला कानापर्यंत चढला, आणि मग गेला. अभिनंदनचे दोन्ही हात टेबलावर होते. जुडगा खुंटीवर होता. घरात मिहू होती, ती चित्र रंगवत होती. आणि खिडकीशी आई होती.

छे, संपदा मनाशी म्हणाली. काहीतरीच.

रविवारी सकाळी आई बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला गेली. दार लागल्याबरोबर संपदानं तोच विषय उकरला. या वेळी राग चढला आणि चढतच राहिला. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटावा इतका मोठा झाला. किती दिवसांनी! कॉलेजची नोकरी, पोरांचे मोबाइल, नणंदेचं हसणं, सगळं बाहेर पडायला लागलं. अभिनंदन खुर्चीत मागं सरकला. जुडगा त्याच्या खिशातच होता, पण त्यानं तिकडे हातही नेला नाही. त्यानं दाराकडे पाहिलं.

“मामी कधी येणार म्हणाल्या?” त्यानं विचारलं.

संपदा बोलता बोलता थांबली. जगात एवढं बोलण्यासारखं असताना, हा नेमकं हेच का विचारतोय?

त्यानंतर ती आईकडे बघायला लागली. नुसतं बघायला. जप करताना आईचा अंगठा पिशवीत मणी ओढत असायचा, ती हालचाल लहानपणापासून ओळखीची होती. सारखी, सावकाश, पुढं पुढं जाणारी. पण मिहूच्या टॉनिकवरून दोघींची जुंपली तेव्हा तो अंगठा एकाच जागी घट्ट दाबून राहिला. आणि संपदाला टॉनिकचं काहीच वाटेनासं झालं.

*

ती एकटीच मिरजेला गेली.

“मिस्टर नाही आले?” डॉ. नेर्लेकरांनी तिच्या मागं दाराकडे बघत विचारलं.

“मी आलेय.”

“हो, पण सोबत कुणीतरी...”

“डॉक्टर, पेशंट मी आहे.”

“ते झालंच हो,” ते हसले. “बोला.”

“फिट येत नसताना प्रकाश वाढवला तर काय होतं?”

“काही अपाय नाही. उलट जरा वर ठेवला तर फिटची भीती आणखी कमी.”

“मी अपायाचं नाही विचारलं. काय होतं?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. आपल्या कामावर त्याचं प्रेम होतं आणि ते समजावून सांगायला त्याला आवडायचं. “असं आहे, त्या भागाला लागूनच भीतीचं आणि रागाचं केंद्र आहे. आपल्या पेशींचे धागे थोडे तिकडेही गेलेत. प्रकाश वाढला की त्या भावना जरा बोथट होतात. जवळपास सगळ्याच रुग्णांत दिसतंय हे. बऱ्याच घरच्यांची त्याला हरकत नसते. खरं सांगायचं तर सोयीचंच पडतं त्यांना. तुमच्या मिस्टरांनी विचारलं होतं मला, स्वभाव जरा तापट आहे, थोडं वर ठेवलं तर चालेल का. मी म्हटलं, चालेल.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की,” डॉक्टर म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. “नातेवाइकांना सांगितलं.”

संपदाच्या हातातल्या पर्सचा बंद पिळला जात होता.

“आता तर रिमोट तुमच्या आईंच्या अंगठ्यावर आहे ना? गुडघे दाखवायला मिरजेला आल्या होत्या, तेव्हाच तुमच्या मिस्टरांनी आपला अंगठा सोडला आणि मी आईंना नवा रिमोट करून दिला. तुमच्या मिस्टरांकडचा आता नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे. चांगलंच झालं म्हणा. आईइतकं कोण बघणार?”

“तो हक्क काढून घ्या.”

“मला नाही काढता येत. ज्याचा अंगठा आहे त्यानंच सोडावा लागतो. दिवा लाल होईपर्यंत दाबून धरायचा, की सुटला. मग प्रकाश तासाभरात आपोआप मूळ पातळीवर येतो. पण असं काही करू नका हं. नातेवाईक नसला तर फिट येताना वाढवणार कोण? मूळ पातळीवर फिट येणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही.”

*

परतीच्या बसमध्ये ती रागानं थरथरत होती आणि त्या रागाला जपत होती. भरलेली घागर न हिंदकळता न्यावी तशी.

मिहू आत झोपली होती. आई जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. खणाची पिशवी मांडीवर.

“आई, त्या पिशवीत माळेशिवाय काय आहे?”

हातातली शेंग फुटली नाही. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच सांगितलं नाही, म्हणून तर विचारतेय.”

आईनं शेंग परत सुपात टाकली. “फिटमध्ये तू कशी दिसतेस, तुला ठाऊक आहे? तुला कधी दिसलंच नाही ते. मला दिसलंय. न्हाणीत, लग्नाच्या पंगतीत, गॅसपाशी. डोळे पांढरे, तोंडाला फेस. तू शुद्धीवर आलीस की विचारायचीस, काय झालं गं आई? मी म्हणायची, काही नाही. किती वर्षं म्हणत होते मी ते, संपे.”

“फिटचं नाही बोलत मी. रागाचं बोलतेय.”

“तुझा राग काही साधा नसतो.”

“मिहू कठड्यावर चढली होती तेव्हा मला कुठं राग आला होता?”

आईनं खाली बघितलं. फोलपटं गोळा करायला लागली.

“बोल ना.”

“सकाळी तुझं नि जावयाचं वाजलं होतं. तेव्हा वाढवलं. कमी करायचं राहून गेलं. मग पोरीला आत घेतलं आणि लगेच कमी केलं, देवाशप्पथ.”

“आणि मला म्हणालीस, आई आहेस का कोण आहेस.”

आई रडायला लागली, पण रडतानाही बोलत राहिली. “अभिनंदनराव नांद्र्याला आले होते. ओसरीवर बसून म्हणाले, मामी, फिट सोसल्या मी हिच्या, स्वभाव नाही सोसवत. रिमोट आहे माझ्याकडं, पण माझ्याच्यानं दाबवत नाही, बायको आहे, कसंतरीच होतं. तुम्ही आई आहात. तुम्ही येऊन राहा, नाहीतर मी हिला इकडं आणून सोडतो. काय करायचं होतं मी? पोरीसकट तुला माघारी आणायची?”

“आणि तुला कसंतरी नाही झालं?”

“झालं की,” आई म्हणाली. “पहिल्यांदा.”

संपदाला वाटलं, नवरा कधीतरी असं करील, हे आपण मनोमन धरून चाललो होतो. तो बाहेरचा होता. आपला झाला तरी बाहेरचा होता. पण हिनं? जिच्या मांडीवर डोकं ठेवून आपण प्रत्येक वेळी शुद्धीवर आलो, तिनं?

“माझी नोकरी गेली,” ती म्हणाली. आवाज चढत होता. “तू घालवलीस. मी हसत हसत नाही म्हटलं आणि तू माळ ओढत बसली होतीस. माझ्या पोरीला मरताना बघत बसले असते मी, घड्या घालत! आई, ऊठ. आत्ताच्या आत्ता तुझी बॅग भरणार आहे मी. तो अंगठा तू माझ्यासमोर सोडायचा आणि नांद्र्याला जायचं. आणि पुन्हा या घरात पाय—”

तिला पिशवीतला हात दिसला. दिसला, आणि तेवढ्यात त्याचा अंगठा दाबला गेलाच.

राग गेला. छातीतून, कानातून, हाताच्या बोटांतून. खोलीतलं ऊन पुन्हा नुसतं ऊन झालं. समोर एक म्हातारी बाई शेंगांच्या फोलपटांत बसली होती, तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती, आणि तिच्याबद्दल संपदाला माया वाटत होती.

“झालं,” आई डोळे पुसत म्हणाली. “बस जरा. आलं घालून चहा टाकते. मिहू उठायच्या आत घेऊ दोघी.”

संपदा बसली. तिनं आत शोधून पाहिलं. राग कुठंच नव्हता. पण रागाची कारणं तिथंच होती. चौगुलेबाईंची जागा, कठड्यावरचे मिहूचे सुटलेले पाय, ओसरीवर झालेलं बोलणं. द्रावणाचा रंग उडाला म्हणजे त्यातलं द्रव्य नाहीसं झालं असं समजू नका, असं ती पोरांना सांगायची. मघाशी रागावलेल्या संपदानं काय ठरवलं होतं, ते या शांत संपदाला शब्दन्‌शब्द आठवत होतं. आणि ते चूक होतं असं तिला कुठल्याच बाजूनं दिसेना.

ती उठली. माळ्यावरची बॅग काढली, पुसली आणि दिवाणावर ठेवली. आईची पातळं कपाटातून काढून एकेक घडी घालायला लागली.

चहाचं आधण ठेवून आई बाहेर आली. “हे काय?”

“तुझी बॅग.”

“अगं ते तू रागात बोललीस.”

“हो. रागात ठरवलं. करतेय आता. गुडघ्याच्या गोळ्या वरच्या कप्प्यात ठेवते हं, सापडायला बऱ्या.”

“संपे...”

“आणि रिमोट काढ. दिवा लाल होईपर्यंत अंगठा दाबून धर.”

आईनं पिशवी छातीशी धरली. “आणि फिट आली म्हणजे? घरात एकटी मिहू असेल तेव्हा?”

“मिहूला शिकवीन मी. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, शेजारच्या काकूंना हाक मारायची.”

“चार वर्षांची पोर ती! तिला असलं सांगणार?”

“तिनं विचारलं, तर ‘काही नाही’ असं मी म्हणणार नाही, आई.”

संपदाच्या बोलण्यात धार नव्हती. ती आईच्या शेजारी जाऊन बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थांबली. घाई तिला नव्हतीच. आईच तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती आणि ते तिला सापडत नव्हतं. शेवटी तिनं पिशवीत हात घातला, तो पांढरा तुकडा बाहेर काढला आणि अंगठा ठेवला. दिवा हिरवा होता, मग पिवळा झाला. आईचे ओठ हलत होते. दिवा लाल झाला आणि विझला.

“बास,” संपदा म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

“ओरड की गं माझ्यावर,” आई एकाएकी म्हणाली. तिनं संपदाचे दंड धरून हलवले. “शिव्या दे, हात उगार. अशी नको बघूस. मघाशी ओरडत होतीस ना? तशी ओरड!”

“आत्ता नाही येत, आई,” संपदा म्हणाली. “तू दाबलंस ना.”

मग तिनं उतू जायला आलेल्या आधणाखालचा गॅस बंद केला आणि अभिनंदनला फोन लावला.

“आईला नांद्र्याला सोडायचंय. घरी ये.”

“काय झालं?” तो म्हणाला. मागं ऑफिसातले आवाज होते. “काही झालंय का? तू बरी आहेस ना? शांत वाटतेयस.”

“आहे. तासभर असेन. आईला सोड आणि तिथं रेंगाळू नकोस, सरळ परत ये. तोवर माझा राग आलेला असेल. मला तुझ्याशी बोलायचंय.”